जेवणाआधीची हजेरी

दिवाळी होऊन दहा दिवस झाले आणि गुरुग्रामची हवा अशी बिघडली की सरकारनं बांधकामं बंद केली. सोसायट्यांनी आपलं शहाणपण त्यात घालून भिंतीला ड्रिल लावायचंही बंद केलं. कबुतरं मात्र कुणाला बंद करता आली नाहीत. ती विसाव्या मजल्यापर्यंत चढून सगळ्यांच्या बाल्कन्या घाण करत होती. त्यामुळं जाळ्या ठोकणाऱ्या बाकीच्या टोळ्या घरी बसल्या आणि धोंडीराम पवारला मात्र उसंत मिळेना.

कारण धोंडीरामला ड्रिल लागतच नव्हतं. कठड्याच्या गजाला आणि वरच्या पाइपला तो आधी जाड दोर ओढून घ्यायचा. मग जाळीचं एकेक घर त्या दोराला बांधत जायचा. गाठ अशी की ओढली तर आवळत जायची आणि मालकाला सोडायची झाली तर एका बोटानं सुटायची. कमरेचा पट्टा गजाला अडकवून, बासष्ट वर्षांचे गुडघे कठड्याला टेकवून तो दिवसभर बांधत बसायचा. नायलॉननं बोटांची पेरं चिरायची. त्यात हवेतली राख जायची आणि संध्याकाळी पाण्यात हात घातला की आग व्हायची.

"काका, ही गाठ कुठं शिकला?" महेशनं एकदा विचारलं. महेश साताऱ्याकडचा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला आणि इकडंच राहिलेला. जाळ्यांची कामं तो घ्यायचा.

"गावाकडं."

"शेतीतली का?"

"व्हय. शेतातलीच."

हे खोटं नव्हतं. तितर शेतातच उतरतात. घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास त्यांच्या वाटेवर लावायचा असतो, आणि धोंडीरामला ती गाठ त्याच्या बापानं सहाव्या वर्षी शिकवली होती. पण आपण फासेपारधी आहोत का, हे त्याला महेशनं विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची धोंडीरामच्या घराण्यात पद्धत नव्हती.

चौदाव्या मजल्यावर लतिकाबाई राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, नवरा मोठ्या कंपनीत. सोसायटीतल्या मराठी मंडळींचा गणपती त्याच बसवायच्या. धोंडीराम मराठी बोलतो हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी त्याला घरच्या कानाच्या कपात चहा दिला.

"पवार, म्हणजे धारचे का हो तुम्ही?"

"न्हाई जी. धाराशिवचे."

बाई खळखळून हसल्या. "बिल्कुल सरळ माणूस आहात! हे बघा, चौदा जानेवारीला आम्ही बस करून पानिपतला जातो. काला अंबला. आपली किती माणसं पडली तिथं. तुम्ही यायचंच. आपल्या माणसांनी एकत्र राहायला हवं की नको, सांगा."

धोंडीरामनं मान हलवली. आपली माणसं हा शब्द त्याच्या वाट्याला फार कमी वेळा आला होता. चहा संपला तरी तो कप थोडा वेळ हातातच धरून बसला.

त्या दिवशी लिफ्टमधून उतरताना एका चिमुरडीनं त्याच्याकडं बघून हात हलवला आणि म्हणाली, "हाय अंकल." पुढच्या मजल्यावर आणखी दोन पोरं आत आली. तीही म्हणाली, "हाय."

घरी आल्यावर तो गिरिजाला म्हणाला, "हितल्या मोठ्या लोकांची पोरं न बोलवताच हजेरी देत्यात बघ. हाय म्हणत्यात."

गिरिजा तव्यावरची भाकरी उलटताना इतकी हसली की तिला खोकला आला. कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या स्वप्नालीनं मान वर केली. "ह्यात हसण्यासारखं काय आहे? ते इंग्लिशमधलं हाय आहे, आबा."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. पोरीला तो विनोद कळत नव्हता, आणि कळू नये अशी व्यवस्था दोघांनीच केलेली होती.

टॉवरच्या मधे अडकून राहिलेल्या एका जुन्या गावात त्यांची खोली होती. तिसरा मजला, एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीला चिकटलेली. दोन वर्षांमागं गावाकडं एका मळ्यात चोरी झाली. चोर सापडेना तेव्हा पोलिसांनी नेहमीप्रमाणं धोंडीरामला उचललं. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा खोप जळालेली होती आणि गिरिजा बाभळीखाली बसलेली होती. स्वप्नाली त्या वेळी दिल्लीत सिनेमाचं काम करत होती. ती येऊन दोघांना घेऊन गेली. आश्रमशाळा, मग पुणं, मग सिनेमाचं शिक्षण असं करत ती इथवर पोचली होती. पारध्यांवर सिनेमे आजवर दुसऱ्यांनी काढले, आपला आपण काढायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

त्या सिनेमासाठी ती वर्षभर दिल्लीतल्या एका सरकारी दफ्तरखान्यात खेटे घालत होती, आणि त्या हिवाळ्यात तिला तिथं एक रीळ मिळालं. चार मिनिटांचं, मुकं, इंग्रजांच्या काळातलं. कुण्या गोऱ्या साहेबानं हौसेनं काढलेलं. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, त्या सेटलमेंटचं.

एका रविवारी तिनं ते लॅपटॉपवर आईबापाला दाखवलं. तारेचं कुंपण. पांढऱ्या धुळीचं पटांगण. टोपीवाला साहेब, त्याच्या शेजारी वही घेतलेला कारकून. कारकुनाचे ओठ हलायचे, रांगेतला एक जण खाली बसायचा आणि त्याचेही ओठ हलायचे. बायका, म्हातारे, पोरं, सगळी एकाच पद्धतीनं बसत होती. उकिडवी, डावा हात डोक्यावर, उजव्या हाताचा अंगठा पुढं, नजर जमिनीला.

"थांबव," धोंडीराम म्हणाला.

रांगेतला तिसरा पोरगा नऊएक वर्षांचा असेल. डोक्यावर ठेवलेल्या हाताची करंगळी वाकडी होती.

"माझा बाप हाय त्यो."

आईबापाच्या नकळत स्वप्नालीनं कॅमेरा सुरू केला. "आबा, हे लोक काय म्हणतायत? आवाज नाहीये ना. तुम्हाला माहीत आहे?"

"हाय म्हणत्यात." धोंडीराम पडद्यावरून नजर न काढता बोलला. "नाव पुकारलं की बसायचं, हात डोक्यावर, अंगठा शाईला तयार, आन् म्हणायचं, हाय. दिसातनं तीन बारी. बसायला चुकलं की छडी."

"हे तुम्हाला आजोबांनी सांगितलं?"

गिरिजाच म्हणाली, "सांगितलं न्हाई, शिकवलं. तारा तोडल्या तवा तुझा आजा चोवीस वर्साचा होता. तार गेली, पर म्हाताऱ्याची सवय गेली न्हाई. रोज सांजच्याला, जेवणाआधी, समद्या पोरांची हजेरी घ्यायचा. नाव पुकारायचा, पोरं खाली बसायची, हाय म्हणायची, मग ताटात भाकर. मी लगीन होऊन आले तर माझंबी नाव घेतलं. म्हनायचा, घरात शिकलं त्याला भायेर मार बसत न्हाई."

"आणि मग? बंद कधी झालं?"

"तू झालीस तवा," धोंडीराम म्हणाला. "म्हातारा गेला हुता. मी म्हनलं, ह्या पोरीचं नाव फकस्त भाकरीला पुकारायचं. ऱ्हाऊ दे आता. भाकर गार झाली."

स्वप्नालीला त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. तिला सिनेमाचा शेवट मिळाला होता. मुक्या रिळातला तो पोरगा, आणि त्याच्यानंतर त्याचा बासष्ट वर्षांचा लेक, तसाच बसलेला, आवाजासकट. ऐंशी-नव्वद वर्षांत काय सुटलं आणि काय नाही, हे एका नजरेत कळलं असतं. सिनेमाची निर्माती हेमांगी हिला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "यार, हे मिळालं तर पिक्चर कुठल्या कुठे जाईल."

पण धोंडीराम तसा बसेना. हाताचे फोटो काढ, म्हणाला, गाठी बांधताना काढ. कॅमेऱ्यासमोर तो मांडी घालून बसला, आपण पारधी म्हणून स्पष्ट बोलला, खोप जळाली ते सांगितलं, पोलिसांनी उलटं टांगलं तेही सांगितलं. एवढं आजवर त्यानं गिरिजालासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त ती बैठक सोडून.

"एकदाच, आबा. एक मिनिट."

"न्हाई."

"लोकांना कळायला नको का त्यांनी काय केलं ते?"

"साहेबानंबी बसवूनच काढला हुता की फोटो," धोंडीराम म्हणाला. "तू आन् काय येगळं करनार?"

स्वप्नाली लाल झाली. वेगळं कसं आहे ते तिला पाच भाषणांतून सांगता आलं असतं, आणि तिनं ते दिल्लीत सांगितलंही होतं. बापासमोर मात्र तिला एक वाक्य जुळवता येईना. तिनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्याच्या चिरलेल्या बोटांना तिनं मुकाट्यानं खोबरेल चोळलं आणि विषय सोडला. सिनेमा त्या शेवटाशिवाय पुरा झाला.

डिसेंबरच्या शेवटी दिल्लीतल्या एका सभागृहात तो दाखवायचं ठरलं. संध्याकाळी पाचची वेळ. मराठी सिनेमा म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी निरोप टाकला, आणि लतिकाबाई सहा-सात जणींना घेऊन आल्या. महेशही आला. धोंडीरामला त्यांनी दारातच बघितलं.

"अय्या, पवार! तुम्ही इथं?"

"पोरीचा हाय," धोंडीराम म्हणाला. त्याच्या अंगावर नवा सदरा होता, घड्या न मोडलेला. तो आत जाऊन कडेच्या खुर्चीत बसला. गिरिजा त्याच्या शेजारी, पाय वर घेऊन.

दिवे गेले. लॅपटॉपवर तळहाताएवढा दिसणारा बाप इथं भिंतीएवढा होता. कारकुनाची वही दाराएवढी. ओठ हलायचे, माणूस बसायचा. धोंडीराम खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. गिरिजानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. दिवे अर्धेच लागले होते. सूत्रसंचालक हातात कागद घेऊन मंचावर आला आणि माइकवरून एकेक नाव वाचून लोकांना वर बोलावू लागला. हेमांगीचं वाचलं. स्वप्नालीचं वाचलं. मग कागदाकडं बघून मोठ्या आवाजात म्हणाला, "धोंडीराम पवार!"

धोंडीराम खुर्चीतून उठला. दोन पावलं वाटेत गेला. आणि खाली बसला.

उकिडवा, डावा हात डोक्यावर, उजव्या हाताचा अंगठा पुढं, नजर गालिच्यावर. घसा साफ करून तो स्पष्ट म्हणाला, "हाय."

मागच्या रांगेतून एका पोरीनं हसत हात हलवला. "हाय अंकल!" आणखी दोघं-चौघं म्हणाले, "हाय!" सभागृहात हसू पसरलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्यांच्या लक्षात आलं की ही ती पडद्यावरची बैठक आहे. म्हातारबुवांनी काय सादर केलंय! ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच उभे राहिले. फोन वर झाले. लतिकाबाई तर डोळ्यांना रुमाल लावून रडत होत्या, आणि ते रडणं खरं होतं.

धोंडीराम तसाच बसून होता. वहीत लिहून झालं, उठ, असं कुणी म्हणेपर्यंत उठायचं नसतं. ते तिथं कुणाला माहीत नव्हतं. शेवटी गिरिजा उठली, त्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला उभं केलं आणि भरल्या सभागृहातून त्याला बाहेर घेऊन गेली.

मंचावर हेमांगीनं स्वप्नालीचा दंड धरला. "मिळालं? बोल ना, मिळालं का?"

प्रेक्षकांची तोंडं टिपायला लावलेला कॅमेरा मंचाच्या कडेला उभा होता. त्याचा लाल दिवा लागलेला होता.

"मिळालं," स्वप्नाली म्हणाली.

तो तुकडा तिनं सिनेमाच्या शेवटी जोडला, काढला, पुन्हा जोडला. तीन दिवस हेच चाललं. बापाला विचारायचं धाडस तिला झालं नाही, आणि न विचारता पाठवायचं मात्र झालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं. सिनेमा विलायतेच्या महोत्सवात निवडला गेला होता.

तिनं ते घरी सांगितलं तेव्हा धोंडीराम पितळी घासत होता. "साहेबाच्या गावाला चाललाय व्हय?" त्यानं विचारलं. "बाप त्येच्याच रिळात घावला हुता. आता मी चाललो." एवढंच बोलून तो पुन्हा घासू लागला. स्वप्नालीला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी लतिकाबाईंच्या घरातली सोन्याची बांगडी दिसेना. त्या आठवड्यात त्यांच्या बाल्कनीची सुटलेली जाळी आवळायला धोंडीराम आणि महेशची आणखी दोन माणसं गेली होती. बाईंनी तक्रारीत तिघांची नावं दिली. धोंडीरामच्या नावापुढं काय सांगितलं ते महेशनं नंतर खाली मान घालून त्याला सांगितलं. "म्हणाल्या, मी त्यांचा सिनेमा बघितलाय. वाईट वाटतं, पण त्यांच्यात असतंच ते, त्यांचा तरी काय दोष."

तिघांना चौकीवर दिवसभर बसवून घेतलं. तिसऱ्या दिवशी बांगडी वॉशिंग मशीनच्या रबरात सापडली. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर सापडल्याचं टाकलं, खाली हसरा चेहराही टाकला. फाटकावरच्या यादीत धोंडीरामचं नाव मात्र परत आलं नाही. रखवालदारानं तीनदा यंत्रात बघितलं. "नहीं दिखा रहा, बाबा. साइड में बैठ जाओ."

तो बाजूला बसला. चौदा तारीख होती. आतून बस निघाली. पुढं भगवा झेंडा बांधला होता, काचेवर काला अंब असं लिहिलं होतं. खिडकीत महेश होता. त्यानं बघितलं आणि मोबाइल कानाला लावला. लतिकाबाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी बघितलं की नाही हे धोंडीरामला कळलं नाही. धुकं फार होतं.

दुपारी तो खोलीवर आला. पट्टा, कात्री, दोराचं वेटोळं असं सगळं त्यानं खिळ्याला अडकवलं आणि भिंतीला टेकून बसला. संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. स्वप्नाली आली, तिनं दिवा लावला. गिरिजानं भाकरी थापायला घेतल्या.

"आबा, मी बोलते सोसायटीशी," स्वप्नाली म्हणाली. "वकील बघते. असं कसं काढून टाकतात? मी लिहिते ह्याच्यावर, मी..."

"चौकीत त्या दोघांस्नी मारलं," धोंडीराम म्हणाला. "बिहारची पोरं ती. साहेबानं नाव पुकारलं तर हुबीच ऱ्हायली. लई मारलं. मला कुनी हात लावला न्हाई."

स्वप्नालीनं हातातला फोन खाली ठेवला.

"मी नीट बसलो हुतो. बापानं शिकवलेलं कामाला आलं." त्याचा आवाज शांत होता, भाव विचारावा तसा. "तुला शिकवलं न्हाई, ते माझं चुकलं. मला वाटलं हुतं गरज पडायची न्हाई. लई चुकलं."

"आबा, असं नका ना बोलू."

तिच्या तोंडाकडं न बघता तो भिंतीला हात लावून उठला. गुडघे वाजले. खोली लहान, तिघांत चार पावलांचं अंतर. दाराशी जाऊन तो त्यांच्याकडं तोंड करून उभा राहिला. हातात वही असावी तसा एक तळवा त्यानं पुढं धरला.

"गिरिजा!"

परात बाजूला सारून, पिठाच्या हातांनीच गिरिजा खाली बसली. डावा हात डोक्यावर ठेवला तशी केसांना पीठ लागलं. "हाय," ती म्हणाली. तीस वर्षं हे केलं नव्हतं, असं कुणाला वाटलं नसतं.

"उठ." आणि मग, "स्वप्नाली!"

स्वप्नाली रडत होती. कॅमेऱ्याची पिशवी तिच्या खांद्यावरच होती. तिला नाही म्हणायचं होतं. हे कुणी सुरू केलं, कायदा कुठल्या साली झाला, कधी रद्द झाला, सगळं तिला पाठ होतं. तिनं बापाकडं बघितलं. त्याचे डोळे भीतीनं भरलेले होते, आणि ती भीती सगळी तिच्यासाठी होती.

पिशवी उतरवून ती खाली बसली. डावा हात डोक्यावर, उजवा अंगठा पुढं.

"टाच टेकव," धोंडीराम म्हणाला. "उचलली की मारत्यात. नजर खाली. हां. पुन्यांदा. स्वप्नाली!"

"हाय," ती म्हणाली.

"उठ."

ती उठली, आणि गिरिजानं तिच्या ताटात भाकरी वाढली.